गंज, पिशवी आणि कलम ६५

घरी बिअर करायची म्हणजे तीन टाक्या, पंप, डिजिटल कंट्रोलर आणि चकचकीत स्टँड पाहिजे, असं सांगणारा माणूस बहुधा त्यातलं काहीतरी विकत असतो. आमच्या वऱ्हाडात याला नखरे म्हणतात.

लागतं काय? एक ३० लिटरचा गंज (पुणेकरांसाठी : पातेलं), मलमलची मोठी पिशवी आणि एक थर्मामीटर. भरडलेला बार्लीचा माल्ट पिशवीत घालायचा आणि पिशवी ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पाणी फार गार झालं तर ती आळसावतात, ७५ च्या वर गेलं की मरतात. मग पिशवी निथळून काढायची, उरलेला रस हॉप्स घालून उकळायचा, गार करून यीस्ट टाकायचं. गंजाच्या तळाशी एक ताटली उपडी घाला, म्हणजे पिशवी करपत नाही. झाली यंत्रसामग्री.

आता तापवणं. २० लिटर पाणी २७ वरून ६८ अंशांवर न्यायला जेमतेम १ युनिट वीज लागते. दीड किलोवॅटच्या रॉडला पाऊण तास. (रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका, आणि पिशवी टाकण्याआधी तो बाहेर काढा.) पुढचं उकळणं गॅसच्या मोठ्या बर्नरवर होतं, फक्त धीर पाहिजे. आणि अकोल्याच्या मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ४० च्या आसपास असतं, म्हणजे एक तृतीयांश काम सूर्यानं फुकट केलेलं! गोधडीत गुंडाळलेला गंज ४२ अंशांच्या हवेत जेवढी उष्णता गमावतो, त्याच्या दुपटीहून जास्त जानेवारीतल्या पहाटे गमावतो.

खरं दुखणं गार करण्याचं आहे. नेहमीच्या एल यीस्टला २० अंशांच्या आसपास हवं, आणि ओलं पोतं नि कूलर लावूनही उन्हाळ्यात तिथवर पोचणं कठीण. पण नॉर्वेच्या खेड्यांतलं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांवर मजेत काम करतं. नॉर्वेवाल्यांनी बाप्पा अकोल्यासाठीच सांभाळून ठेवल्यासारखं :)

मग करत काहून नाही? कारण १९४९ चा दारूबंदी कायदा. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहेच, पण बनवण्याच्या हेतूनं भांडी किंवा साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे शनिवारी आंघोळीचं पाणी तापवलेला गंज रविवारी माझ्या मनातल्या विचारानं मुद्देमाल होतो. म्हणून अमरावतीत मी हे सगळे हिशोब फक्त कागदावर केलेत.

दारूनं संसार उद्ध्वस्त झालेल्या बायांचा राग खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण हे कलम त्यांच्यासाठी काय करतं? वर्धा नदीच्या पलीकडे १९७४ पासून जिल्हाबंदी आहे, आणि अलीकडे दुकानात कोणीही परवानाधारक बिअर विकतो. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी चालते. तिथे उकळतो तोच रस, फक्त भांडं मोठं आणि भांडवल तगडं. मात्र मेळघाटात मोहाचा सडवा सापडला की तो ओतून देतात, मडकी फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तिकडे सीमेपल्याड मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मोहाची दारू काढायची मुभा आहे. कोरकू माणसाचा गुन्हा सातपुड्याच्या कोणत्या उतारावर राहतो यावर ठरतो, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसतं?

अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअर संघराज्याच्या कायद्यात मोकळी झाली : दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, विक्री अजिबात नाही. शेवटची दोन राज्यं, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ मध्ये आली. आपल्याला एवढे लिटर नकोत. घरापुरती, न विकता, आंबवलेली बिअर किंवा वाइन, वर्षाला १०० लिटर, एवढी सूट कलम ६५ मध्ये घाला. मोहाची दारू ऊर्ध्वपातित असते, तिला वेगळे नियम लागतील, मान्य. पण ते लिहायला बसाल तेव्हा धारणीच्या लोकांना आधी बोलवा, पुण्याच्या हॉटेलवाल्यांना नंतर.