चंदावरकरांचा कन्नड वारसा

मीरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चार पावलांवर नया नगर सुरू होतं. संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. कबाबच्या शेगड्या, अत्तराची दुकानं, मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या आणि या सगळ्यातून हॉर्न वाजवत वाट काढणाऱ्या रिक्षा. एखाद्या टपरीवर दुरुस्त झालेल्या फोनचा स्पीकर तपासायला म्हणून कारागीर काहीतरी वाजवून बघतो, आणि बऱ्याचदा ते 'केजीएफ' या कन्नड चित्रपटाचं छातीत धडधडणारं संगीत असतं. वाजवणारा घरी उर्दू बोलतो, गिऱ्हाईक मराठी किंवा गुजराती. कन्नडचा एक शब्दही दोघांना येत नाही. तरी सूर दोघांच्या ओळखीचा असतो.

त्या संगीताचा कर्ता रवी बसरूर. उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूर तालुक्यातलं बसरूर हे त्याचं गाव आणि तेच त्याचं आडनाव. 2018 साली 'केजीएफ' आला आणि या गावाचं नाव देशभर पोचलं. कन्नड संगीतकार आज असा आपल्या गल्लीत येऊन पोचला आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याच किनारपट्टीवर थोडं उत्तरेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, चंदावर नावाचं आणखी एक गाव आहे. त्या गावाचं नाव लावणारा एक पुणेकर पन्नास वर्षांपूर्वी कन्नड सिनेमाला संगीत देत होता. भास्कर चंदावरकर. मराठी माणसाने त्यांचं हे काम जवळजवळ विसरून टाकलं आहे, आणि ही चूक आता दुरुस्त व्हायला हवी.

चंदावरकरांचा जन्म 1936चा. सतार ते पंडित रविशंकरांकडे शिकले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अनेक वर्षं संगीत शिकवलं, आणि तिथून बाहेर पडलेल्या दिग्दर्शकांच्या एका पिढीचे कान त्यांनी तयार केले. 1971च्या सुमाराला गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांनी एस. एल. भैरप्पांच्या कादंबरीवर 'वंशवृक्ष' हा कन्नड चित्रपट केला, तेव्हा संगीतासाठी त्यांनी चंदावरकरांना बोलावलं. हे कारंत काही संगीतातले नवखे नव्हते. पुढे 'ऋष्यशृंग' आणि 'घटश्राद्ध' या चित्रपटांसाठी त्यांना स्वतःलाच लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढ्या तयारीचा माणूस शेजारी बसलेला असताना पुण्याहून संगीतकार बोलावला जातो, यातच त्या संगीतकाराचं वजन कळतं.

'वंशवृक्ष'ची गोष्ट कपिला नदीकाठच्या नंजनगूडची. कर्मठ श्रोत्रींच्या घरातली विधवा सून कात्यायनी कॉलेजला जाऊ लागते, पुन्हा लग्न करायचं ठरवते आणि घराण्याचा सगळा पायाच हलतो. विधवाविवाहासाठी झटलेल्या धोंडो केशव कर्व्यांच्या पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका असणंच शक्य नव्हतं. चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विष्णुवर्धन या पुढे कर्नाटकात देवासारख्या पूजल्या गेलेल्या नटाची सुरुवातही याच चित्रपटातली.

लगेच पुढच्या वर्षी, 16 डिसेंबर 1972ला, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. संगीत चंदावरकरांचंच. धोतर-पगडीतल्या ब्राह्मणांची ती रांग क्षणात भिंत व्हायची, क्षणात पाठ फिरवायची, कधी कीर्तनात डोलायची तर कधी लावणीवर थिरकायची. पाठ असताना पडदा, वळली की पुणं. ती रांग उभी राहिली ती जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनावर आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेवर, पण तिला एका श्वासात बांधून ठेवलं ते सुरांनी. 'घाशीराम'चं कौतुक करताना मराठी माणूस थकत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. पण त्याच हातांनी त्याच काळात कन्नडमध्ये काय केलं, हे विचारलं तर नाट्यवेडेही गप्प होतात.

कार्नाडांनी 1978 साली 'ओंदानोंदु कालदल्ली' केला, त्याचंही संगीत चंदावरकरांनी दिलं. मध्ययुगीन कर्नाटकातल्या दोन भाडोत्री योद्ध्यांची ही कथा आहे आणि तिच्यावर जपानी दिग्दर्शक कुरोसावाची छाया स्पष्ट दिसते. गंडुगलीच्या भूमिकेत शंकर नाग पहिल्यांदाच पडद्यावर आला आणि त्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. हा शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला, '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता. दिग्दर्शक कार्नाड तर जन्माने माथेरानचे. म्हणजे दिग्दर्शकाचा जन्म रायगडातला, संगीतकार पुण्याचा, नट मुंबईच्या नाटकांतून आलेला, आणि चित्रपट अस्सल कन्नड.

तेव्हा चंदावरकरांचं काम विस्मरणात जाण्याचं कारण भाषा नव्हे, खरं कारण वेगळं आहे. आपण संगीतकार मोजतो तो गाण्यांवर. रेडिओवर किती वाजली, लग्नात किती वाजतात, अंताक्षरीत किती येतात. 'सामना' चित्रपटातलं रवींद्र साठेंच्या आवाजातलं आरती प्रभूंचं गाणं आहे, म्हणून चंदावरकरांचं नाव निदान निघतं तरी. पण त्यांचं मोठं काम पार्श्वसंगीतातलं आहे. मृणाल सेनांचा 'खंडहर', निरद महापात्रांचा ओडिया 'मायामृग', आणि अगदी अखेरीकडचा 'श्वास'. प्रसंगात सूर कुठे यावा आणि कुठे येऊ नये, हे ठरवणं ही रचनाच असते, गाण्याइतकीच अवघड. प्रेक्षक ती गुणगुणत घरी जात नाही, एवढंच. 2009च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा अनेकांना हा माणूस किती भाषांत काम करून गेला हे पहिल्यांदा कळलं.

या दोन भाषांमधली सुरांची देवघेव तशी जुनी. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, आणि आपल्या नाट्यपदांनी कानडी चाली मोकळ्या मनाने घेतल्या. भीमसेन जोशी 1966 साली 'संध्याराग' या कन्नड चित्रपटासाठी गायले. 1967च्या 'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा'मध्ये लक्ष्मण बेर्लेकरांच्या संगीतात लता मंगेशकर कन्नडमध्ये गायल्या. 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' होऊन 2017 साली गेला, तो अजय-अतुल यांचं संगीत घेऊनच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा निकाल कोर्टात लागायचा तेव्हा लागेल. तोवर एसटीच्या बसला काळं फासण्याच्या बातम्या दोन्हीकडे येत राहतात, आणि सामायिक असलेलं हे सगळं कुणी कुणाला दाखवत नाही.

म्हणून एक साधी मागणी. मीरा-भाईंदर महापालिकेच्या नाट्यगृहाला लता मंगेशकरांचं नाव आहे. नया नगरपासून ते रिक्षाच्या अंतरावर आहे. या शहरात उडुपी हॉटेलं चालवणारी तुळू-कन्नड कुटुंबं आहेत, मराठी आहेत, उर्दू बोलणारे हजारो आहेत. महापालिकेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मिळून त्या नाट्यगृहात 'वंशवृक्ष' आणि 'ओंदानोंदु कालदल्ली' दाखवावेत, मराठी आणि हिंदी उपशीर्षकांसह. तिकीट वीस रुपये ठेवावं. आणि खेळ सुरू होण्याआधी संगीतकाराचं नाव मोठ्याने वाचून दाखवावं.