बंबावर किती माणसे होती, हे दर महिन्याला सांगा

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक



माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच मांडतो. नाशिकच्या अग्निशमन दलाने दर महिन्याला एक अहवाल प्रसिद्ध करावा. त्या महिन्यात प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक पाळीत, प्रत्येक बंबावर प्रत्यक्ष किती माणसे होती, हे त्यात लिहिलेले असावे. मंजूर पदे किती आणि रिकामी किती, हे आकडे अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात, त्यावर महासभेत चर्चाही होते. पण त्या आकड्यांवरून पहाटे तीन वाजता सातपूरच्या किंवा नाशिकरोडच्या केंद्रातून बंब निघाला तेव्हा त्यात चारजण होते की सहा, हे कळत नाही. आग लागलेल्या घरातल्या माणसांचे भवितव्य बरेचसे त्याच आकड्यावर ठरते.

मी इंदिरानगरच्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मुळे आमच्यासारख्यांवर एक जबाबदारी आली आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा परवानाधारक संस्थेचा दाखला, म्हणजे ‘ब’ नमुना, आम्हाला दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावा लागतो. पंप सुरू करून दाखवा, टाकीतले पाणी दाखवा, जिन्यातल्या पाइपाला दाब आहे ना ते दाखवा. हा नियम योग्य आहे आणि तो आणखी कडकपणे राबवला तरी मी आपल्याच बाजूने उभा राहीन. पण आमची यंत्रणा ही पहिल्या काही मिनिटांची सोय. त्यानंतर सगळी भिस्त आपल्या दलावर. आम्ही वर्षातून दोनदा आमच्या यंत्रणेचा हिशेब देतो, तर दलाने आपल्या तयारीचा हिशेब शहराला का देऊ नये?

मनुष्यबळाचे गणित बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही, म्हणून ते इथे मांडतो. एका बंबावर चालक-यंत्रचालक, लिडिंग फायरमन आणि चार फायरमन, अशी सहाजणांची तुकडी धरू. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात आणि सहा जागांना 21. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की हा आकडा पंचविसाच्या घरात जातो. एक बंब, पंचवीस माणसे. केंद्रावर दोन बंब आणि एक रेस्क्यू व्हॅन उभी असेल तर हिशेब आपणच करावा. गाडी विकत घेतली की तिचे लोकार्पण होते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. तिच्यामागची पंचवीस माणसे मात्र कुठल्याच छायाचित्रात नसतात, आणि ती नसली तर ती गाडी केंद्राच्या आवारात उभीच राहते.

तुकडीत तीन माणसे कमी असली तर काय होते, तेही पाहू. धुराने भरलेल्या घरात शिरताना फायरमन पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतो, तोंडावर मास्क चढवतो. दलात याला बीए सेट म्हणतात. एका सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा तास पुरते, दमछाक झाली तर त्याहूनही कमी. हवा संपत आली की सेटवरची शिट्टी वाजू लागते आणि आतल्याला बाहेर यावेच लागते. म्हणून आत एकट्याने जायचे नाही, दोघांनी जोडीने जायचे, असा दंडक आहे. बाहेर तिसऱ्याने उभे राहून कोण किती वाजता आत गेला आणि त्याच्या सिलिंडरमध्ये दाब किती होता, हे टिपायचे. चौथा पंपाशी, कारण तिथून हलला तर पाण्याचा दाब सांभाळायला कोणी उरत नाही. पाचवा पाइप ओढायला, वळणावर सोडवायला, पाण्याची पुढची सोय बघायला. आणि साऱ्याकडे लक्ष ठेवून निर्णय घेणारा सहावा. आता यातून तीन माणसे वजा करा. उरलेल्या तिघांपुढे दोनच पर्याय असतात. दुसरी गाडी येईपर्यंत बाहेरून पाणी मारत राहायचे, नाहीतर नियम मोडून आत घुसायचे. आपले जवान बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडतात. आपण त्यांच्या शौर्याचे कौतुक करतो, पण ती वेळ त्यांच्यावर आली ती हजेरीपटावर माणसे नव्हती म्हणून.

जुन्या नाशकात तर हे दुप्पट खरे आहे. तिवंधा, बोहोरपट्टी, दहीपूल, भद्रकाली या भागांत लाकडी माळ्यांचे वाडे भिंतीला भिंत लावून उभे आहेत. मोठा बंब मेनरोडच्या पुढे फारसा सरकत नाही. तिथून पाइपाला पाइप जोडत, लावलेल्या दुचाकी बाजूला करत, हाताने पाणी आत न्यावे लागते. पाण्याने भरलेला पाइप अवजड होतो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायला माणसांचे हातच लागतात. यंत्राने होणारे हे काम नाही.

शिवाय दलाचे काम आगीपुरते कधीच नव्हते. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात नायलॉन मांजात अडकलेले पक्षी झाडांवरून सोडवायला हेच जवान शिडी लावतात. उन्हाळ्यात कचरा, गवत, गोदामे आणि विजेच्या तारा. जूनच्या पहिल्या वादळात रस्त्यांवर आडवी झालेली झाडे. मग वाड्यांच्या खचलेल्या भिंती आणि विहिरीत पडलेली जनावरे. आणि गोदावरी. 19 सप्टेंबर 2008, 2 ऑगस्ट 2016, 4 ऑगस्ट 2019 हे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावर आपण पुराचा अंदाज बांधतो. पाणी छातीला लागले की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर उचलू लागतात, आणि त्याच वेळी दलाच्या बोटी गोदाकाठच्या वस्तीतून माणसे काढत असतात. त्या रात्री शहरात कुठे आग लागणारच नाही, अशी हमी कोणी दिलेली नसते.

शहराच्या हद्दीबाहेरचे कामही वेगळे मोजले पाहिजे. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या पॉलीफिल्म कारखान्याला 1 जानेवारी 2023 रोजी भीषण आग लागली, मे 2025 मध्ये पुन्हा लागली, आणि दोन्ही वेळा ती दिवसेंदिवस धुमसत राहिली. मदतीला नाशिकहूनही बंब गेले. जायलाच हवे होते, शेजारधर्म आहे तो आणि कर्तव्यही. माझा प्रश्न एवढाच आहे की ते बंब तिकडे असताना सिडको, पंचवटी, नाशिकरोड इथे मागे कोण उरले होते? हे दलाच्या नोंदवहीत असणारच. नागरिकांपुढे ते कधी आलेले नाही.

8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर खासगी बस आणि ट्रेलरची धडक होऊन बस पेटली. किमान 12 प्रवासी होरपळून गेले. त्यानंतर चौकाची रचना, अतिक्रमणे, बसचे परवाने यांवर खूप बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. पण बस काही मिनिटांत कोळसा होते, हा तिथला सर्वांत कठोर धडा होता. केंद्र सरकारच्या अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषांप्रमाणे शहरात पाच ते सात मिनिटांत बंब पोहोचला पाहिजे. नाशिक महापालिकेचे क्षेत्र सुमारे 259 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 लाख 86 हजार, आणि तेव्हापासून पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोड या बाजूंना शहर किती पसरले हे आपण रोज पाहतो. कोणत्या भागात बंब सात मिनिटांत पोहोचतो आणि कोणत्या भागात पंधरा लागतात, याचा नकाशा मासिक अहवालातूनच तयार होईल. नवे केंद्र कुठे हवे, याचा वाद मग नगरसेवकाच्या वजनावर नव्हे, मिनिटांवर सुटेल.

आता सिंहस्थाकडे येतो. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 रोजी पहिले अमृतस्नान, पुढे 31 ऑगस्टला दुसरे आणि 11 सप्टेंबरला नाशिकचे तिसरे, अशा तारखा जाहीर आहेत. आपला कुंभ भर पावसाळ्यात येतो, प्रयागराजचा येतो हिवाळ्यात. म्हणजे तपोवनातल्या साधुग्रामात तंबू, स्वयंपाकाचे सिलिंडर, धुनी आणि होम असतील, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल, रामकुंडावर लाखोंची गर्दी असेल, आणि हे सगळे एकाच दिवशी असेल. 27 ऑगस्ट 2003 रोजी सरदार चौकात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, ते याच ऋतूत, तिथल्या अरुंद उतारावर. 19 जानेवारी 2025 रोजी प्रयागराजच्या मेळ्यात सिलिंडर फुटून तंबू पेटले. जीवितहानी झाली नाही, कारण बंब आणि माणसे मेळ्याच्या आतच तैनात होती.

महापालिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये अग्निशमन विभागातल्या 186 पदांची जाहिरात काढली, त्यात 150 पदे फायरमनची होती. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. एका जाहिरातीत दीडशे फायरमन मागावे लागतात, यावरूनच आजवर दलाने किती कमी माणसांत शहर सांभाळले हे दिसते. पण निवड यादी लागली म्हणजे बंब भरला, असे होत नाही. फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला मुलगा शिडी, पाइप, बीए सेट जाणतो. नाशिक जाणत नाही. कोणत्या गल्लीत गाडी वळते, पाणी कुठून घ्यायचे, रामसेतूखाली प्रवाह कसा ओढतो, हे त्याला जुन्या जवानाच्या शेजारी बसूनच शिकावे लागते. त्यासाठी अमृतस्नानाआधी निदान एक पूर्ण पावसाळा त्याने इथे काढलेला असावा. हे वेळेत होते आहे की नाही, हे महिन्यामागून महिना उघडपणे दिसत राहिले तर शासनदरबारी पाठपुरावा करायला आपलेही हात बळकट होतील.

आपल्या अधिकाऱ्यांना एक भीती वाटेल, ती मी समजू शकतो. उशिराचे आकडे बाहेर आले की दोष फायरमनच्या माथी मारला जाईल. म्हणूनच मिनिटांच्या शेजारी माणसांची संख्या छापा, असे मी म्हणतो. केंद्रावर सहा हवे असताना तीन होते आणि त्या तिघांनी नऊ मिनिटांत गाडी पोहोचवली, हे वाचणारा नागरिक त्या तिघांना दोष देणार नाही. लंडनच्या अग्निशमन दलाने पहिली गाडी सरासरी सहा मिनिटांत आणि दुसरी आठ मिनिटांत पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि प्रत्येक घटनेच्या वेळा ते दल सर्वांसाठी खुल्या करते. त्याने तिथल्या जवानांची मान खाली गेलेली नाही. उलट केंद्र बंद करायचा किंवा गाडी काढून घ्यायचा विषय निघतो तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या हातात बोलायला आकडे असतात.

अहवाल फार मोठा नको, दोन पाने पुरे. केंद्रनिहाय किती कॉल आले आणि ते कसले होते. वर्दी मिळाल्यापासून पहिली गाडी पोहोचेपर्यंत किती वेळ गेला. प्रत्येक पाळीत तुकडी पूर्ण होती की अपुरी. किती गाड्या दुरुस्तीसाठी उभ्या होत्या आणि किती दिवस. हद्दीबाहेर किती वेळा जावे लागले आणि तेव्हा मागे काय उरले. किती जवान जखमी झाले. यातले बहुतेक केंद्रांच्या नोंदवह्यांत आधीच लिहिले जाते. शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात ते एकत्र करायचे आणि महापालिकेच्या फलकावर व संकेतस्थळावर लावायचे, एवढेच नवे काम. माणसांची नावे त्यात अजिबात नकोत.

अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतला विषय आहे, म्हणजे घटनेने तो नगरपालिकांच्या कामांत मोजला आहे. महानगरपालिका अधिनियमात सर्वसाधारण कराबरोबर अग्निशमन दलाच्या खर्चासाठी वेगळा वाटा घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे हा हिशेब मागणे हा नाशिककरांचा हक्क आहे, असे मी मानतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, मानवंदना देतो. त्याच दिवशी नाशिकच्या दलाचा वर्षभराच्या बारा अहवालांचा गोषवारा महासभेपुढे वाचला जावा, अशीही विनंती करतो.

पहिला अहवाल याच महिन्याचा काढावा. आकडे वाईट आले तरी चालतील, ते लपवू नयेत. इतर गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनाही माझे सांगणे आहे की पुढचा ‘ब’ नमुना द्याल तेव्हा त्यासोबत या अहवालाची लेखी मागणी जोडा.

कळावे,

आपला,
इंदिरानगर, नाशिक येथील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव