लेखणीची उमेदवारी

लेखन ही उपजत देणगी आहे, ती शिकवून येत नाही, अशी एक समजूत मराठी समाजात खोलवर रुजलेली आहे. सुतारकाम, विणकाम, गवंडीकाम या गोष्टी उमेदवारीने साध्य होतात हे मानणारा समाज लेखनाचा प्रश्न आला की एकदम प्रतिभेचा हवाला देतो. ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसते. पण तिचा सामाजिक परिणाम निरुपद्रवी नाही. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत, जेवताना शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या जातात आणि एखादा मामा वा काका संपादकाच्या ओळखीचा असतो, त्या घरातील मुलाचे सारे शिक्षण ‘प्रतिभा’ या नावाखाली झाकले जाते. ज्या घरात यांपैकी काहीच नाही, तेथील मुलाला शिक्षण न मिळणे ‘प्रतिभेचा अभाव’ म्हणून खपविले जाते. विषमतेला निसर्गाचे नाव देण्याची ही युक्ती जुनीच आहे. जातिव्यवस्थेनेही दुसरे काय केले?

म्हणून लेखनकलेचे शिक्षण आणि प्रकाशनाची संधी हा केवळ साहित्यिकांचा घरगुती प्रश्न नव्हे. कोणाचे जीवन कागदावर यावयाचे आणि कोणाचे विस्मृतीत जावयाचे, हे त्यातून ठरत असते.

या प्रश्नाचा इतिहास महात्मा फुले यांच्यापासून सुरू होतो. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे जोतीरावांनी पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. ते नाटक प्रथम छापले गेले १९७९ साली. लिहिल्यापासून वाचकापर्यंत पोहोचावयास त्याला एकशेचोवीस वर्षे लागली! त्याच १८५५ साली फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुक्ताला शाळा मिळाली, शिकविणारे मिळाले आणि छापणारे पत्रही मिळाले. म्हणून तिचा शब्द टिकला. यांपैकी एक कडी जरी निखळली असती, तरी तो निबंध आज कोणाला ठाऊकही नसता.

१८८५ साली भरलेल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीरावांनी नाकारले. त्यांनी पत्र लिहून आपली कारणे स्पष्ट केली. बहुजनांना मानवी हक्क नाकारणाऱ्यांच्या सभांशी त्यांचा मेळ बसणार नाही, हा त्या पत्राचा आशय सर्वज्ञात आहे. परंतु त्याच सुमाराची दुसरी एक घटना चळवळीतील मंडळी सहसा आठवीत नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची आरंभीची प्रकरणे ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापणे थांबविले. ‘दीनबंधू’ हे काही सनातन्यांचे पत्र नव्हते. ते सत्यशोधकांचेच होते आणि त्याचे संपादक कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे होते. दार केवळ प्रस्थापितच बंद करतात असे नाही. आपल्याच घरातील माणसेही कधी भीतीपोटी ते लावून घेतात. पक्षाच्या व चळवळीच्या पत्रांनी हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे.

असे असूनही कष्टकऱ्यांतून लेखक निर्माण झाले. ते कसे झाले, हे पाहिले म्हणजे उपजत प्रतिभेची कहाणी आपोआप गळून पडते.

अण्णाभाऊ साठे वाटेगावच्या शाळेत दीडच दिवस गेले, ही गोष्ट व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते आणि श्रोते टाळ्या वाजवितात. जणू शाळेत न जाणे हेच त्यांच्या थोरवीचे कारण! खरे पाहता त्या दीड दिवसानंतर अण्णाभाऊंचे शिक्षण फार दीर्घकाळ चालले. तमाशाच्या फडात त्यांचा कान तयार झाला. मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांनी अक्षर ओळखले. कम्युनिस्ट पक्षात त्यांना वाचन आणि वादविवाद मिळाला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत उभारलेल्या लालबावटा कलापथकाने त्यांना एक असा संपादक दिला, की ज्याची बरोबरी कोणतेही मासिक करू शकले नसते. तो संपादक म्हणजे मैदानात बसलेला गिरणी कामगार. ओळ लांबली की तो चुळबुळ करी, विनोद फसला की गप्प राही, वर्मी बसले की उसळून उठे. रोज रात्री लिखाणाची अशी परीक्षा देणारा माणूस पंधरा वर्षांनी, १९५९ साली, ‘फकिरा’ लिहितो यात चमत्कार नाही. उमेदवारी पुरी झालेला तो कारागीर होता.

नारायण सुर्वे यांचेही तसेच. गिरणी, शाळेतील शिपाईगिरी आणि मग शिक्षकी पेशा, अशा वाटेने गेलेल्या या कवीने १९६६ सालच्या आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. ते नाव केवळ अलंकार नव्हते. युनियनची कचेरी, सभा, पत्रके, कामगारांची वाचनालये ही त्या विद्यापीठाची खरीखुरी दालने होती. सभासद वर्गणी देत म्हणून ती चालत. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या तेव्हा रोजगार बुडाला, त्याबरोबर हे विद्यापीठही उजाड झाले. त्या नुकसानीची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

साने गुरुजींचे उदाहरण याहून निराळे, पण तितकेच बोलके आहे. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली गेली, हे सर्वांना पाठ असते. त्या पाच दिवसांच्या पाठीमागे अमळनेरच्या वसतिगृहातील ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक होते, हे फारसे कोणी सांगत नाही. मुले वाचतील म्हणून दररोज लिहावयाचे, मुलांना कळेल असे लिहावयाचे, थकवा असो वा काम असो, लिहावयाचेच, ही शिस्त गुरुजींनी तेथे स्वतःला लावून घेतली होती. त्या शिस्तीची वर्षे जमेस धरल्याशिवाय त्या पाच दिवसांचा हिशेब लागत नाही.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे! छोट्याशा दुकानात माल बांधण्यासाठी आलेली रद्दी वाचून त्यांनी वाचनाची भूक भागविली, घरातील माणसांपासून लपवून लिहिले आणि लिहिलेले वीस वर्षे दडवून ठेवले. दडवून ठेवावे लागले, कारण स्त्रीने लिहिणे घरातच मंजूर नव्हते. मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि १९८२ साली ‘स्त्री’ मासिकाने ‘जिणं आमुचं’ क्रमशः छापावयास घेतले, तेव्हा ते जगापुढे आले. गावोगाव अशा किती वह्या पत्र्याच्या पेट्यांत कुजून गेल्या असतील, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. लेखकाला आधी ऐकणारा मिळाला, मग दुरुस्त करणारा मिळाला आणि त्यानंतर छापणारा मिळाला. यांपैकी मधली पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे. मराठीत त्या पायरीचे नाव घ्यावयाचे तर ‘सत्यकथा’चे घ्यावे लागते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांकडून पुनःपुन्हा लिहवून घेतले, पानापानांवर खुणा केल्या, सविस्तर पत्रे लिहिली. त्यांच्या अभिरुचीची कुंपणे होती. त्या कुंपणाबाहेरचे जग त्यांना पुरेसे दिसले नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला तो याच संतापातून. त्याच काळात चक्रमुद्रित अनियतकालिके निघाली, गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना पाने आणि लेखक-वाचक मेळावे दिले, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, १९७५ साली निघालेल्या ‘ग्रंथाली’ने १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ वाचकांपर्यंत नेले. बंद दार ठोठावीत न बसता नवे दार पाडण्याचा हा पराक्रम होता. तथापि ‘सत्यकथे’च्या अभिरुचीविरुद्ध बंड करणे निराळे आणि संपादनाची मेहनतच टाकून देणे निराळे. पहिले आवश्यक होते. दुसरे नंतरच्या काळात आळसाने घडले.

चळवळीतील साहित्याला आज जो रोग जडला आहे तो येथे आहे. एखादा ऊसतोड कामगार कविता घेऊन येतो, सफाई कामगाराची मुलगी आत्मवृत्ताची चार प्रकरणे दाखविते. सभेत त्यांचा सत्कार होतो, ‘अनुभवाची दाहकता’ या शब्दांत प्रशंसा होते आणि कोणीही त्यांना सांगत नाही, की तिसरे प्रकरण पहिले हवे होते, की या कवितेतील शेवटच्या सहा ओळी निव्वळ घोषणा आहेत. घडविल्याने दाहकता कमी होईल, असा युक्तिवाद यावर केला जातो. हा युक्तिवाद प्रेमळ वाटतो, पण त्याच्या पोटात तुच्छता आहे. प्रस्थापित लेखकाकडून कलेची अपेक्षा करावयाची आणि श्रमिक लेखकाकडून फक्त जखमेची, हा दुजाभाव नव्हे काय? ‘आपला माणूस’ म्हणून दिलेले गुण हा सन्मान नसून दयेचे दान आहे.

प्रकाशनाच्या बाबतीत तर परिस्थिती पार पालटली आहे. पूर्वी नव्या लेखकाला दारातून परत पाठवीत. आता त्याच्याकडून दाराचे भाडे घेतात. पंधरा-वीस हजारांपासून पुढे वाटेल ती रक्कम लेखकाकडून घ्यावयाची, काही प्रती त्याच्याच गळ्यात घालावयाच्या आणि मुखपृष्ठावर प्रकाशनाचे नाव मिरवावयाचे, हा धंदा उघड चालतो. त्यात संपादन नाही, मुद्रितशोधन नाही, वितरण नाही. शिक्षणसेवक, अंगणवाडी सेविका, लहान शेतकरी यांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला हा पैसा असतो. मोबाइलवर लिहिण्याची आणि सर्वांना दाखविण्याची सोय झाली हे खरे. त्यामुळे ऐकणारे वाढले. दुरुस्त करणारे मात्र वाढलेले नाहीत.

लेखकाला कायद्याचे संरक्षण आहे, पण ते त्याला कोणी सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच करावे लागते. तोंडी बोलीला किंमत नाही. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर दिले, हे करारात नमूद असावयास हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात अन्यथा ठरलेले नसेल, तर तो संपुष्टात येतो. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. मजुरीचे दर आणि रजेचे नियम कामगाराला समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्याला हे पाच नियम समजावून सांगणे अवघड नाही. लेखन हे श्रम असेल, तर त्याच्या मोबदल्याचा आणि कराराचा प्रश्न हा श्रमाचाच प्रश्न आहे.

केरळातील लेखकांनी हे फार पूर्वी ओळखले. १९४५ साली कोट्टायम येथे मूठभर लेखकांनी एकत्र येऊन साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था स्थापन केली आणि अन्यत्र कोणी देत नव्हते असे मानधन लेखकांना दिले. साखर, सूत आणि दूध यांसाठी सहकाराचे डोंगर उभारणाऱ्या महाराष्ट्राने ग्रंथांसाठी त्या तोडीचे काही उभारले नाही. वस्तुतः येथे दहा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. निवडक शे-दोनशे ग्रंथालयांनी आणि काही शे वाचकांनी आगाऊ वर्गणी भरली, तर एका पुस्तकाचा छपाईखर्च लेखकाच्या खिशात हात न घालता निघू शकतो.

कांद्याचा भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न आणि शाळांची वाताहत समोर असताना पक्षाने साहित्याच्या उठाठेवी कशाला कराव्यात, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. पण कांद्याच्या भावाविषयी जे लिहिले जाते ते कोण लिहितो, हेही त्यांनी स्वतःला विचारावे. शेतकऱ्याची व्यथा शेतकऱ्याच्या हातून लिहिली न गेल्यास ती दुसऱ्याच्या सोयीने लिहिली जाते. जोतीरावांनी ‘असूड’ लिहिला तो वेळ जात नव्हता म्हणून नव्हे.

तेव्हा करावयाच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक शाखेने महिन्याला एक हस्तलिखित भित्तिपत्रक काढावे आणि ते चौकात लावावे. पंधरा दिवसांतून एकदा लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांचे मजकूर मोठ्याने वाचावेत; कौतुक शेवटी करावे, दुरुस्ती आधी. चळवळीच्या नियतकालिकांनी परत पाठविलेल्या प्रत्येक लेखासोबत तो का परत पाठविला याच्या चार ओळी लिहाव्यात. छापील नकारापेक्षा त्या चार ओळी नव्या माणसाला अधिक शिकवितात. निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक हे प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना या कामाला जुंपावे. जिल्ह्याच्या शिबिरात एक सत्र प्रकाशनाच्या करारावर ठेवावे. आणि जे लेखन या सर्व कसोट्यांतून उतरेल त्याच्यासाठी सहकारी तत्त्वावर छपाई व वितरणाची व्यवस्था उभी करावी.

प्रत्येक लिहिणारा यातून अण्णाभाऊ होईल असे नाही. तशी अपेक्षा करणेही गैर आहे. मात्र आपले म्हणणे नेमके, नीट आणि निर्भयपणे मांडू शकणारी हजारो माणसे ज्या समाजात असतात, त्या समाजाला फसविणे कोणत्याही सत्तेला अवघड जाते. लोकशाही समाजवादाला अशीच माणसे हवी आहेत आणि ती आयती मिळत नाहीत, घडवावी लागतात.