भुयारातील हवा कोणत्या मापाने मोजायची?

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली तेव्हा वाफेच्या इंजिनांचा धूर बोगद्यात कोंडत असे. विजेच्या गाड्या आल्या आणि धूर गेला. धूळ मात्र राहिली. ही धूळ मुख्यतः भुयारातच तयार होते. चाके रुळांवर घासतात, ब्रेक आवळले जातात आणि लोखंडाचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. खोल बोगद्यात हवा खेळती नसते आणि येणारी प्रत्येक गाडी खाली बसलेली धूळ पुन्हा उठवते.

किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेली मोजणी बोलकी आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचे सरासरी प्रमाण भुयारी रेल्वेत दर घनमीटरला ८८ मायक्रोग्रॅम, तर शहराच्या सर्वसाधारण हवेत १९ आढळले. बराचसा उघड्यावरून जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट मार्गावर हे प्रमाण नगण्य होते. संपूर्ण भुयारी अशा व्हिक्टोरिया मार्गावर ते ८८५ पर्यंत गेले. या धुळीचा जवळजवळ निम्मा भाग लोहाच्या ऑक्साइडचा होता.

यावर अधिकाऱ्यांचे ठराविक उत्तर असते की, धूळ कायदेशीर मर्यादेच्या आत आहे. पण मर्यादा कोणती? ब्रिटनमध्ये कामाच्या जागी फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीसाठी आठ तासांची सरासरी ४००० मायक्रोग्रॅम धरली जाते. उलट, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांसाठी सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा अवघी १५ आहे. दोन्ही मोजण्यांच्या रीती वेगळ्या आहेत, हे मान्य. तरीही दरी एवढी मोठी आहे की तिचे समर्थन रीतीच्या फरकाने होत नाही. रस्त्यावर चालणारा नागरिक तेवढा माणूस आणि जमिनीखाली उतरला की तोच केवळ कामगार, असा हा न्याय आहे. प्रवासी त्या हवेत तासभर असतो. मोटरमन पूर्ण पाळी असतो आणि रात्री गाड्या थांबल्यावर बोगद्यात उतरून केर काढणारा सफाई कामगार धुळीच्या अगदी उगमाशी असतो.

शास्त्रज्ञांच्या सावधपणाचा आधार घेऊन हा प्रश्न टाळला जातो. लोहयुक्त धुळीच्या परिणामांचा अभ्यास अजून अपुरा आहे, हे खरे. परंतु ब्रिटिश सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०१९ साली स्पष्ट केले की, बाहेरच्या हवेतील कण घातक असल्याचा भक्कम पुरावा असल्याने भुयारातही काही धोका संभवतो; म्हणून धूळ शक्य तितकी कमी करावी. अपुरा अभ्यास हे अधिक अभ्यासाचे कारण आहे, स्वस्थ बसण्याचे नव्हे.

हा प्रश्न आता भारताचाही आहे. कोलकात्यात १९८४ पासून आणि दिल्लीत २००२ पासून मेट्रो धावते. मुंबईचा कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. २००९ साली ठरलेली आपली राष्ट्रीय मानके मात्र उघड्या हवेसाठी आहेत. दक्षिण कोरियाने भुयारी स्थानकांतील हवेवर कायद्याने मर्यादा घातली आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

यातून मेट्रो नको असा निष्कर्ष काढणे मोटारवाल्यांच्या पथ्यावर पडेल. सार्वजनिक वाहतूक कष्टकऱ्यांची आहे, म्हणूनच ती निर्धोक हवी. स्थानके, डबे आणि बोगदे यांतील हवेची नियमित मोजणी करून आकडे जनतेपुढे ठेवावेत. भुयारी हवेसाठी स्वतंत्र मानक ठरवावे. वायुवीजन व सफाईच्या खर्चाला कात्री लावू नये. कंत्राटी सफाई कामगारांसह सर्वांची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि या देखरेखीत कामगार संघटनांना स्थान मिळावे. कामगार व प्रवासी यांनी एकत्र येऊन या मागण्या लावून धरल्या पाहिजेत.