यंत्राचे आयुष्य कोण ठरविणार?

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख नागपूरकरांना करून देण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असणे ही येथे बातमीही होत नाही. 23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांपर्यंत चढला होता. या शहरात लाख-दीड लाख रुपये मोजून ॲपल कंपनीचा मॅकबुक हा लॅपटॉप घेणाऱ्याने त्याच्या तांत्रिक माहितीपत्रकातील एक ओळ अवश्य वाचावी. यंत्र चालविण्यास योग्य असे सभोवतालचे तापमान 10 ते 35 अंश. बंद करून ठेवण्यास योग्य तापमान उणे 25 ते 45 अंश. म्हणजे चैत्र-वैशाखात कूलर बंद असलेल्या खोलीत हे यंत्र चालवायचेच नाही, आणि एखाद्या भाजून काढणाऱ्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली ते नुसते मिटून ठेवणेही कंपनीच्या मर्यादेबाहेरचे ठरते. उणे 25 अंशांची सोय मात्र केलेली आहे. ती नागपुरात कोणाच्या उपयोगी पडणार, हे कंपनीच जाणे.

श्रीमंतांच्या या चैनीच्या वस्तूची चिंता श्रमिकांच्या पक्षाने का करावी, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु तो अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. लग्नसराईत रात्र रात्र जागून चित्रफितींचे संकलन करणारा तरुण, छापखान्यांसाठी पुस्तकांची मांडणी करून देणारी गृहिणी, वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, घरबसल्या परदेशी कंपनीचे काम उरकणारा कंत्राटी संगणककर्मी, हे या यंत्राचे आजचे ग्राहक आहेत. त्यांच्या दृष्टीने ही चैन नव्हे, उत्पादनाचे साधन आहे. 1 जानेवारी 1877 रोजी याच शहरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये माग चालविणाऱ्या कामगाराला माग विकत घ्यावा लागत नव्हता. मागाचा दांडा मोडला तर तो दुरुस्त करण्याचा खर्च मालकाचा असे आणि दुरुस्त करणारा फिटर गिरणीतलाच असे. ती गिरणी 2002 साली कायमची बंद झाली. तिच्यानंतरच्या पिढीतील कामगाराने आपला माग स्वतः, हप्त्यांवर, विकत घेतला आहे. हप्ते पुष्कळदा दोन वर्षांचे असतात. कंपनीची मूळ हमी एक वर्षाची. दुसऱ्या वर्षी यंत्र बंद पडले तरी हप्ता बंद पडत नाही.

महागडी वस्तू टिकाऊ असते, हा मध्यमवर्गाचा जुना विश्वास आहे. त्या विश्वासाची किंमत जाहिरातदाराला नेमकी ठाऊक असते. मॅकबुकचे ॲल्युमिनियमचे अंग खरोखरच मजबूत आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु यंत्राचे आयुष्य त्याच्या सर्वांत मजबूत भागावरून ठरत नाही. ते सर्वांत दुबळ्या भागावरून, आणि तो भाग बदलता येतो की नाही यावरून ठरते.

2015 साली या कंपनीने ‘बटरफ्लाय’ नावाचा नवा कळफलक आणला. यंत्र आणखी पातळ व्हावे म्हणून कळीखालची जागा इतकी आक्रसली की धुळीचा एखादा कण किंवा पोळीचा कणही कळ अडकवू लागला. एक अक्षर दाबावे तर दोनदा उमटावे, किंवा उमटूच नये. आता कळफलक खराब झाला तर कळफलक बदलावा, ही साधी समजूत. परंतु तो यंत्राच्या वरच्या पत्र्यात कायमचा बसविलेला आणि बॅटरीही त्याच पत्र्याला चिकटविलेली. म्हणून एका अक्षरासाठी पत्रा, कळफलक आणि बॅटरी असा सगळा जथाच बदलावा लागे. जून 2018 मध्ये कंपनीने पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्ती जाहीर केली. तरीही सदोष रचनेची नवी यंत्रे मे 2020 पर्यंत बाजारात येतच राहिली. 2022 साली अमेरिकेत ग्राहकांनी लढविलेल्या दाव्यात, कोणतीही चूक कबूल न करता, कंपनीने 5 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ही भरपाई अमेरिकेतील सात राज्यांतील ग्राहकांपुरती होती. तोच कळफलक, तोच दोष. पण ज्या नागपूरकराची कळ पाचव्या वर्षी अडकली, त्याच्या वाट्याला काय आले? त्याच्याकडे ना सामूहिक दावा होता, ना त्याच्या सरकारने कंपनीला जाब विचारला.

2016 च्या यंत्रांचे दुसरे प्रकरण याहून बोलके आहे. पडद्याला वीज पुरविणारी एक कागदासारखी पातळ पट्टी बिजागरीवरून वळवून नेलेली होती. झाकण उघडता-मिटताना ती घासे, काही काळाने तुटे आणि पडद्याच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचावरील दिव्यांसारखे झोत दिसू लागत. पट्टी काही डॉलरची. परंतु ती पडद्यातच गुंतविलेली असल्यामुळे शेकडो डॉलरचा सबंध पडदा बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. 2018 च्या यंत्रात ही पट्टी सुमारे 2 मिलिमीटरने लांब केलेली आढळली. म्हणजे दोष काय आणि उपाय काय, हे कारखान्यात उमगले होते असे समजण्यास जागा आहे. मे 2019 मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर झाली ती केवळ 13 इंची यंत्रांसाठी. 15 इंची यंत्राच्या मालकांनी दोन मिलिमीटरची किंमत आपल्या खिशातून भरली.

यावर अभियंत्यांकडून उत्तर दिले जाते की, चूक कोणाकडूनही होते. खरे आहे. चुकीबद्दल कोणी कंपनीला फासावर द्या असे म्हणत नाही. आक्षेप चुकीवर नसून, चूक दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येऊ नये अशा रचनेवर आहे. 2012 साली निघालेले याच कंपनीचे 13 इंची मॅकबुक प्रो स्क्रू काढून उघडता येई. त्यातील स्मृती वाढविता येई, जुनी तबकडी काढून नवी वेगवान साठवण बसविता येई, बॅटरी बदलता येई. ते 2016 पर्यंत विकले जात होते, आणि ज्यांनी असे बदल करून घेतले त्यांची यंत्रे पुढेही वर्षानुवर्षे राबली. आज साठवण आणि स्मृती दोन्ही जखडलेल्या आहेत. मुख्य पाटीवरील एखादा क्षुद्र घटक जळाला, तर यंत्राबरोबर लग्नाच्या चित्रफितीही जातात. पातळपणासाठी हे करावेच लागते, असे म्हणावे तर 2024 च्या लेनोवोच्या थिंकपॅड टी-14 ला दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी नऊ गुण मिळाले, ते कसे? (2020 नंतरच्या मॅकबुकमधील चिपा कमी तापतात आणि उत्तम चालतात, हेही सांगितले पाहिजे. चांगले इंजिन असलेल्या गाडीचे बॉनेट मालकाने उघडू नये, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.)

अशा वेळी कंपनीने नाकारलेले काम सीताबर्डीच्या दुकानांतील कारागीर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य पाटी धरून, गरम हवेच्या झोताने तांदळाच्या दाण्याहून लहान घटक उचलून दुसरा बसविणे हे उच्च कोटीचे कौशल्य आहे. परंतु या कारागिराला पाटीचा अधिकृत आराखडा मिळत नाही, मूळ सुटे भाग मिळत नाहीत; मेलेल्या दुसऱ्या यंत्रातून भाग काढून तो जिवंत यंत्रात बसवितो. काही भाग तर अमुक यंत्राशीच बांधलेले असतात. अस्सल भाग बसविला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ओळख दिल्यावाचून तो नीट काम करीत नाही. या प्रथेला अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 2024 साली कायद्याने मनाई केली. आणि येथे? कंपनी विक्री थांबविल्यापासून पाच वर्षांनी यंत्राला ‘व्हिंटेज’ आणि सात वर्षांनी ‘कालबाह्य’ ठरविते. त्यानंतर, काही लॅपटॉपच्या बॅटऱ्या वगळता, ती दुरुस्तीतून अंग काढून घेते. म्हणजे कंपनी स्वतः दुरुस्त करणार नाही, आणि जो करू पाहतो त्याला साहित्यही देणार नाही.

हा प्रश्न भारताला नवा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपले संगणक येथे प्रामुख्याने भाड्याने देत असे. पाश्चात्य देशांत जुनी झालेली यंत्रे नीटनेटकी करून ती येथे चढ्या भाड्याने दिली जात, अशी टीका तेव्हा झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्या लबाडीतही एक धडा होता. भाडे मिळत राहावे म्हणून यंत्र टिकावे, यात कंपनीचाच स्वार्थ होता. म्हणून त्या यंत्रांची दुरुस्ती कधी ‘अशक्य’ झाली नाही. आज यंत्र विकले जाते. ते जितके लवकर मरेल तितकी पुढची विक्री जवळ येते, आणि दुरुस्ती एकाएकी अशक्य होऊन बसते.

1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली भाग-भांडवलातील आपला वाटा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1978 साली, तिने येथून गाशा गुंडाळला. आता यंत्रे गंजून जाणार, असे भाकीत करणारे तेव्हाही होते. प्रत्यक्षात सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने देशभरातील 800 हून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती चालू ठेवली. पुढे 2001 मध्ये या संस्थेची निम्म्याहून अधिक मालकी टाटांकडे गेली आणि 2015 मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. ‘देखभाल’ हा शब्द नावात मिरविणारी सरकारी संस्था या देशात होती, हे मिहानमध्ये त्याच टीसीएसच्या नोकरीवर जाणाऱ्या किती तरुणांना ठाऊक असेल? खुद्द अमेरिकेतही 1956 च्या न्यायालयीन हुकुमाने आयबीएमला स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग विकणे भाग पाडले होते. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे सत्तर वर्षांपूर्वी घडले, ते मागणे म्हणजे अतिरेक होतो काय?

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने निवडलेली क्षेत्रे चार : शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू आणि मोटारी. लॅपटॉपचा त्यात नावाने उल्लेख नाही. त्याच वर्षी 24 डिसेंबरला संकेतस्थळ निघाले. कंपन्यांनी त्यावर सेवा केंद्रांची आणि हमीची माहिती द्यावी, अशी ही व्यवस्था. माहिती दिल्याने पट्टी मिळत नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून दुरुस्तीसुलभतेचे गुण लॅपटॉपच्या किमतीशेजारी दाखविणे सक्तीचे झाले. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, त्यांत मेलेल्या यंत्राचे वजन मोजून उत्पादकावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. यंत्र मरू नये म्हणून मात्र नियमांचा धाक नाही. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातील एक चतुर्थांशही रीतसर गोळा झाला नाही. उरलेला कोणाच्या हातांनी, कोणत्या ॲसिडमध्ये बुडविला जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जाऊन पाहावे.

संसदेने कायदा करावा ही मागणी आहेच : विक्री थांबल्यापासून किमान सात वर्षे सुटे भाग, आराखडे आणि तपासणीचे सॉफ्टवेअर कोणत्याही कारागिराला वाजवी दरात मिळावे, आणि भारतात विकले जाणारे यंत्र भारताच्या उन्हाळ्यात तपासलेले असावे. परंतु त्यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसण्याची गरज नाही. नागपूर महानगरपालिका, जिल्हा परिषद, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि शासकीय महाविद्यालये यांची संगणक खरेदी सार्वजनिक पैशातून होते. त्यांच्या निविदांत सात वर्षे सुटे भाग पुरविण्याची, बॅटरी व साठवण स्क्रूने काढता येण्याची आणि 45 अंशांतील वापराची अट घालण्यास कोणताही कायदा आड येत नाही. महापालिकेच्या सभागृहात आणि विद्यापीठाच्या अधिसभेत असलेल्या प्रतिनिधींनी पुढच्या खरेदीचा प्रस्ताव येण्यापूर्वी ही अट लेखी मांडावी. आणि मांडण्यापूर्वी सीताबर्डीच्या चार कारागिरांना भेटून, कोणते भाग मिळत नाहीत याची यादी त्यांच्याकडून करून घ्यावी.