पुस्तक मिटून उठा!

मार्च सरत आला की आमच्या दवाखान्यात ठरावीक वयाचे पेशंट वाढतात. वय १८ ते २२, बरोबर आई, क्वचित वडील. कुणाचे डोके दुखते, कुणाच्या छातीत जळजळ, कुणाची मान आखडलेली. काहींना चक्कर येते. आणि जवळजवळ सगळ्यांची एक सामाईक तक्रार, "डॉक्टर, वाचलेले काही लक्षातच राहत नाही." मुंबई विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षा आल्या, हे कळायला मला वेळापत्रक बघावे लागत नाही. तपासावे तर बहुतेकांचा रक्तदाब ठीक, छाती साफ. मग आई सांगते, "सकाळी सहाला बसतो तो रात्री एकपर्यंत जागचा हलत नाही हो." सांगताना तिच्या आवाजात काळजी असतेच, पण थोडा अभिमानही असतो. माझे भांडण आहे ते या अभिमानाशी.

आपल्याकडे मूल अभ्यास 'करत' नाही, अभ्यासाला 'बसते'. भाषेतच घोळ आहे. म्हणून घरातले सगळे हिशेब बसण्याचे. किती वाजता बसला, किती वेळा उठला, पाणी प्यायला उठला तरी "झाले का सुरू?" असा प्रश्न. बसलेल्या पोराच्या डोक्यात काय शिरते आहे, हे कोण मोजतो? डोळे ओळींवरून फिरत असतात आणि मन कल्याणच्या पुलावर भटकत असते. तेच पान तिसऱ्यांदा वाचूनही 'अरे, हे काय होते?' असे वाटू लागले, की समजावे, आता वाचन संपले आहे, फक्त बसणे चालू आहे.

वाचलेले डोक्यात मुरायला वेळ लागतो. विरजण लावलेले भांडे कुणी दर पाच मिनिटांनी हलवत नाही, तसेच हे. ही काही माझी दवाखान्यातली कल्पना नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली. पाठांतरानंतर ते झोपले तेव्हा त्यांना बरीच अक्षरे आठवली. तेवढाच वेळ ते जागे राहून इकडचे तिकडचे करत बसले, तेव्हा बरीच कमी. पुढे २०१२ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी वयस्कर मंडळींना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर १० मिनिटे अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून स्वस्थ बसवले, दुसरीनंतर तेवढाच वेळ चित्रांतले फरक शोधायचा खेळ दिला. ज्या गोष्टीनंतर स्वस्थता मिळाली, ती आठवड्यानंतरही जास्त आठवली. तरुणांवर झालेल्या प्रयोगांतही असेच आढळले आहे. म्हणजे पुस्तक मिटून उठलेला मुलगा अभ्यास बुडवत नसतो. वाचलेले जागेवर बसवायचे काम तेव्हाही आत चालू असते.

आता हा प्रयोग मोबाइलशी ताडून बघा. मुलाला विचारावे, "मध्ये विश्रांती घेतोस का?" तो म्हणतो, "घेतो ना, तासाभराने १० मिनिटे." आणि त्या १० मिनिटांत काय? रील्स. ही विश्रांती नव्हे, हा तर चित्रांतले फरक शोधण्याचाच खेळ, फक्त शंभर पटीने वेगवान. डोळे आधीच पुस्तकावर थकलेले, पडद्याकडे बघताना पापण्या नेहमीपेक्षा कमी मिटतात, म्हणून मग चुरचुर, पाणी, डोकेदुखी. शिवाय १० मिनिटांचे ४० कधी होतात ते कळत नाही, आणि मग स्वतःचाच राग येतो. त्या रागात पुन्हा चार तास न उठता बसायचे. असे हे चक्र चालते.

गेल्या हंगामात तृतीय वर्ष वाणिज्यचा एक मुलगा रात्री साडेदहाला आला. छातीत धडधड, हात थंड, चेहरा घाबरा. आई रडकुंडीला आलेली, कारण घरात हृदयविकाराचा इतिहास. ईसीजी काढला, तो नॉर्मल. विचारता विचारता कळले, एक विषय राहिलेला, त्याची केटी आणि या सत्राचे पेपर एकत्र. रात्री नऊनंतर चार कप चहा, झोप जेमतेम चार तास, जेवण पुस्तकासमोर. चहा-कॉफीतले कॅफिन पोटात गेल्यावर साधारण पाच तासांनी निम्मे होते. रात्री ११ चा कडक चहा पहाटे चारला अजून निम्मा अंगात असतो, मग झोप आली तरी ती गाढ कशी लागणार? मी त्याला औषध दिले नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, रात्री साडेअकराला दिवा बंद, आणि दिवसा दर ५० मिनिटांनी उठायचे, एवढेच कागदावर लिहून दिले. आईला ते फारसे पटले नाही. फी घेऊन डॉक्टरने पोराला उठायला सांगितले! आठवड्याने धडधड थांबल्याचे सांगायला मात्र तीच आली.

उठून करायचे काय, असा प्रश्न आमच्या विठ्ठलवाडीत खरा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, शेजारी टीव्ही, खाली रिक्षांचे हॉर्न. वालधुनीच्या काठाने फेरी मारा, असे मी म्हणणार नाही. मलाही नाक आहे. पण गॅलरी आहे, गच्ची आहे, जिना आहे. दोन मजले उतरून चढले तरी पाठ आणि पिंढऱ्या मोकळ्या होतात. लांबवर एखाद्या झाडाकडे बघत दोन मिनिटे उभे राहिले तर डोळ्यांचे स्नायू सैलावतात. आणि सगळ्यांत उत्तम विश्रांती म्हणजे घरातले छोटे काम. कोथिंबीर आणणे, पाणी भरणे, कपडे वाळत घालणे. हात चालतात, डोके मोकळे राहते, आणि काम संपले की विश्रांतीही आपोआप संपते. मोबाइलला ही सोय नाही. "तू बस, मी करते," असे म्हणणाऱ्या आया मुलाचे भले करत नाहीत.

हे मी मुलांबद्दल म्हणतो आहे. मुलींचे बहुतेक घरांत उलटे असते. मुलगा उठला की तो नाक्यावर जातो. मुलगी उठली की तिच्यासमोर भांडी, पोळ्या, धाकट्याचा गृहपाठ आणि आलेल्या पाहुण्यांचा चहा. तिची विश्रांती कामात जाते आणि मग तिने बसून राहण्यातच शहाणपण मानले तर नवल काय? परीक्षेच्या महिन्यात घरातल्या कामाची वाटणी नव्याने करायला हवी. मुलीला १० मिनिटे काहीही न करता गच्चीवर उभे राहू द्या. याच मुलींत मला फिकट पापण्या आणि कमी हिमोग्लोबिन जास्त दिसते, कारण सगळ्यांचे झाल्यावर त्या जेवतात.

लांबलचक बैठकीची बाजू मांडताना पालक हमखास बाबासाहेबांचे नाव घेतात. १४ एप्रिलला, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यामागच्या भावनेला माझे वंदनच आहे. एका महापुरुषाला ग्रंथांनी अभिवादन करणारा समाज दुसरा कुठे सापडेल? पण ते अभिवादन वर्षातून एका दिवसाचे. ते रोजचे वेळापत्रक नव्हे. आणि ज्यांचे नाव घेतो, त्यांनी पुढे व्हायोलिन शिकण्यासाठीही वेळ काढला होता, हेही मुलांना सांगावे. टिळकांनी तर डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तब्येत कमावण्यात घालवले. मी वर्ष मागत नाही, तासातली १० मिनिटे मागतो.

माझ्या मते साधारण ४५ ते ५० मिनिटे वाचावे. उठण्याआधी पुस्तक मिटून आत्ता काय वाचले ते स्वतःला सांगावे किंवा चार ओळी लिहाव्यात. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून बघितलेले जास्त दिवस टिकते, हे रोडिगर आणि कारपिक यांनी २००६ मध्ये दाखवले. पुढचे कुठून सुरू करायचे, त्याची एक खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसताना टंगळमंगळ होत नाही. मग १० मिनिटे उठावे. अशा तीन फेऱ्यांनंतर अर्धा-पाऊण तास पूर्ण सुट्टी. जेवताना पुस्तक नको, फोनही नको. दुपारी उन्हाने जीव नकोसा होतो तेव्हा २० मिनिटे आडवे व्हावे, गजर लावून. दोन तास झोपले तर उठल्यावर डोके जड होते आणि रात्रीची झोप जाते. पाणी, ताक, लिंबू-सरबत सारखे पोटात जाऊ द्यावे. अर्ध्या चकरा तर एप्रिलात पाणी न प्यायल्याने येतात. घरात जागाच नसेल तर कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे जाण्यायेण्याची पायपीट हीसुद्धा विश्रांतीच.

दोन पेपरांमधल्या सुट्टीचेही हेच. पेपर सुटला की विठ्ठलवाडीला उतरेपर्यंत डब्यात उत्तरे जुळवत येणारी पोरे मी बघतो. कुणाचे दोन मार्क गेले, कुणाचे चार. ते मार्क काही परत येत नाहीत, पुढच्या पेपरचा अभ्यास मात्र बिघडतो. घरी या, आंघोळ करा, जेवा, झोपा. दोन तास त्या दिवशी पुस्तकाचे नाव नको.

मात्र रात्रीमागून रात्री झोप नाही, जेवण तुटले, कारण नसता रडू येते, 'आता काही उपयोग नाही' अशी भाषा येते, तर हे १० मिनिटांच्या विश्रांतीने भागणारे नव्हे. तेव्हा "परीक्षा झाली की बघू" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. जीव द्यावासा वाटतो असे मुलगा चेष्टेत म्हणाला तरी ती चेष्टा समजू नका, त्याला एकटे सोडू नका.

बाकी, पेपरच्या आदल्या दिवशी स्मरणशक्तीचे टॉनिक आणि रात्री जागायची गोळी मागायला जे येतात, त्यांना आताच सांगून ठेवतो, मी देत नाही.