बिननावाच्या गाडीचे कूळ

माणसाचे कूळ शोधणे एक वेळ सोपे. वस्तूचे कूळ शोधणे त्याहून बिकट. माणसाला नातलग असतात, वस्तूला केवळ मालक असतात, आणि मालक बदलत जातात. अशाच एका वस्तूचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

कॅनडा व अमेरिका या देशांत मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची निवासाची लहान गाडी असते. कुटुंब रानात अथवा तळ्याकाठी चार दिवस मुक्कामास जाते, तेव्हा तीच त्याचे घर होते. यांतील काही गाड्या फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतू व कृत्रिम राळ यांच्या असतात. हे कवच लाकडासारखे कुजत नाही, पत्र्यासारखे गंजत नाही. त्यामुळे कारखाना बुडतो, त्याचे दफ्तर नाहीसे होते, नावाचा बिल्लाही गळून पडतो. गाडी मात्र पन्नास वर्षांनंतरही उभी असते. मग नवा मालक विचारतो, ही केली कोणी?

या जातीतील सर्वांत नामांकित गाडी म्हणजे बोलर. कॅनडातील विनिपेग शहरी रे ओलेको यांनी ती १९६८ साली सिद्ध केली. त्यापूर्वी त्यांनी मैलापाण्याची फायबरग्लासची हलकी टाकी बनविली होती. त्याच रीतीने वरचा व खालचा असे दोन भाग साच्यात घडवून ते मध्यावर सांधले, की १३ फुटी गाडी तयार. तिचा आकार गोल टोपीसारखा, म्हणून त्या टोपीच्या इंग्रजी नावावरून तिचे नाव पडले. पुढे १९७० नंतरच्या दशकात मिनेसोटातील बॅकस गावी तिच्याच वळणाची स्कॅम्प ही गाडी होऊ लागली.

अशा नामांकित गाड्यांचा माग लागतो. अडचण आहे ती अल्पजीवी कारखान्यांच्या गाड्यांची. साचा विकत घेतला, की कोणीही तेच कवच नव्या नावाने विकू शके. परंतु हाच साचा साक्षीदारही होतो. साच्यावर पडलेला ओरखडा त्यातून निघालेल्या प्रत्येक कवचावर उमटतो. दोन भिन्न नावांच्या गाड्यांवर एकाच जागी एकच व्रण आढळला, तर त्या एकाच साच्याची लेकरे होत, असे मानण्यास बळकट आधार मिळतो.

दुसरा शोध आकड्यांचा. १९८१ पासून तिकडे वाहनांना सतरा अक्षरांकांची ठरावीक ओळख असते व तीतील दहावे अक्षर वर्ष सांगते. त्याआधीच्या गाड्यांवर प्रत्येक कारखान्याची स्वतःची रीत. म्हणून जोखडाच्या लोखंडावरील अंक, आसावरील पट्टी, खिडकीच्या काचेवरील खूण हे सर्व पाहावे लागते. येथे सावधगिरी हवी. शीतपेटीवरील वर्ष हे शीतपेटीचे वर्ष होय, गाडीचे नव्हे. ती मागाहून बसविलेली असू शकेल. मात्र एखादा भाग मूळचाच असल्याची खात्री पटली, तर गाडी त्या भागाहून जुनी असू शकत नाही, एवढे निश्चित ठरते.

तथापि लोखंड आणि काच यांना जे सांगता येत नाही ते माणूस सांगतो. १९७० साली जो वीस वर्षांचा कामगार साच्यावर राळ लावीत होता, त्याची आज पंचाहत्तरी उलटली आहे. कारखाना कोठे होता, साचा कोणी नेला, किती गाड्या निघाल्या, हे त्याच्या स्मरणात आहे. कदाचित घरातील एखाद्या पेटीत जुने छायाचित्रही आहे. त्याला यंदा विचारले तर उत्तर मिळेल. काच आणखी पन्नास वर्षे थांबेल. तो थांबणार नाही.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी केलेली पेटी, पाळणा वा नांगर असेल. करणारा हयात असेल, तर त्याचे नाव, गाव व साल आजच विचारून घ्या, आणि कागदावर लिहून त्या वस्तूपाशी ठेवा.